सनईवाल्याचा ठसा

माणसाची ओळख होण्याआधी त्याचं तोंड बंगारक्काच्या ओळखीचं व्हायचं. सागर गावात, सुपारीच्या वखारीमागं, कवळ्या घडवायचा एक कारखाना आहे. भोवतालच्या दवाखान्यांतून दातांचे ठसे बसनं डबीत घालून तिथं येतात, गुलाबी, थुलथुलीत, ओल्या कापसात गुंडाळलेले. ते आधी पडायचे बंगारक्काच्या हातात.

हातमोजे चढवून ती ठसा नळाखाली धरायची. थुंकी जायची, रक्ताची रेघ जायची. मग औषधाच्या पाण्यात बुडवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहायची. दहा मिनिटं. कमी ठेवला तर एकाच्या तोंडातला रोग कारागिराच्या हातावरून, घासायच्या चाकावरून दुसऱ्याच्या तोंडात जातो. जास्त ठेवला तर ठसा पाणी पिऊन फुगतो, आणि त्यावर घडलेले दात कुणालाच बसत नाहीत. एकोणीस वर्षांत तिच्या मोरीत एक ठसा बिघडला नव्हता, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची.

एका दुपारी आनंदपुरहून लाल पट्टी चिकटवलेली डबी आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं : सण्णय्या, सनईवाला. वरचे पुढचे चार दात. रक्तातली कावीळ आहे. बारा दिवसांवर लग्नाची सुपारी घेतलीय, लवकर द्या.

बंगारक्कानं ठसा धुऊन पाण्यात सोडला. सासूच्या गोळ्या आणायच्या होत्या, म्हणून साचे ओतणाऱ्या तिम्माला म्हणाली, "दहा मिनिटांनी काढ रे." सरकारी दवाखान्याच्या रांगेत तिचा तास मोडला. परत आली तर ठसा अजून पाण्यातच, आणि पाण्यात औषध दुप्पट.

"तिम्मा, हे काय?"

"काविळीचा होता अक्का. म्हटलं, चांगला मुरू दे."

"लोणचं आहे का रे मुरायला?"

मालक हेगडे डोकावले. "ओता तसाच. नाही बसले दात तर म्हणू, हिरडी बदलली. वाजंत्रीवाल्याला काय कळतंय?"

"त्याला नाही कळलं तरी सनईला कळेल, मालक."

तिनं आनंदपुरच्या दवाखान्याला फोन लावला. "ठसा आमच्याकडं बिघडला. माझ्या मोरीत बिघडला, चूक माझी. माणसाला परत बोलवा." तिम्मानं मान खाली घातली ती संध्याकाळपर्यंत वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी नवा ठसा आणायला ती स्वतःच बसनं गेली. दवाखान्याच्या बाकावर पन्नाशीचा, काटकुळा माणूस अगदी कडेला बसला होता. ती बसली तसा तो आणखी सरकला.

"लांब बसा अक्का. मला ते आहे."

"काय ते?"

"डबीला लाल पट्टी लावतात ते."

"सण्णय्या ना तुम्ही? तुमचा ठसा बिघडवणारी मीच." ती सरकून जवळ बसली. "देवळातल्या भटांचा ठसा येतो, हेडमास्तरांचा येतो, माझ्या सासूचाही आला होता. सगळ्यांना तेच पाणी, तेवढाच वेळ. कुणाच्या रक्तात काय आहे ते खुद्द त्यालाही ठाऊक नसतं. पट्टी कुणाकुणाला लावायची?"

"मग माझाच कसा बिघडला?"

"आमचा पोरगा घाबरला, म्हणून."

सण्णय्या तोंडावर हात धरून हसला. मग हळूच म्हणाला, "सुनेनं माझं ताट वेगळं मांडलंय."

 बंगारक्का त्याच्या बोटांकडे बघत होती. लांब, भोकं दाबून दाबून टोकाला चपटी झालेली बोटं.

"पाठवा तिला माझ्याकडं," ती म्हणाली. "रक्तातली कावीळ ताटावरून पसरत नाही, एवढं तरी सांगते तिला."

नवा ठसा तिनं मांडीवर धरून आणला. दहा मिनिटं मोजली. घड्याळासमोरून हलली नाही.

सहा दिवसांनी दात घेऊन तीच गेली. डॉक्टरांनी ते बसवले. "चावून बघा," म्हणाले. सण्णय्यानं कनवटीला खोचलेली, सनईच्या तोंडाला लावायची पत्ती काढली, ओठांत ओली केली, फुंकली. नुसती हवा. पुन्हा फुंकली. तिसऱ्यांदा एक बारीक, थरथरता सूर निघाला, आणि कोपऱ्यात रडणारं एक पोर रडायचं थांबलं.

"अजून कच्चा आहे," सण्णय्या म्हणाला.

"लग्नाला किती दिवस?"

"तीन."

"पुरे झाले," बंगारक्का म्हणाली, आणि आणखी एकदा ऐकायला बसून राहिली.