ताटलीतल्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत सफाईला येणाऱ्या सुमनताईंनी एकदा सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून विचारलं, “मी बघू का ह्यातून?” त्यांच्या नवऱ्याला घशाचा कॅन्सर झाला होता. मी तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वापासून बनवलेलं, जास्त टिकणारं एक संयुग छोट्या ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर घालून पाहत होते. आदल्या दिवशी ताटलीच्या तळाला घट्ट चिकटलेल्या पेशी आता सुटून, गोल होऊन तरंगत होत्या.

सुमनताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. “मेल्या का ह्या?”

“बऱ्याचशा. ‘क’ जीवनसत्त्वापासून केलेल्या औषधाने.”

“मग आमच्या ह्यांना आवळे देऊ?”

आवळ्याने हे होणार नाही, असं मी सांगितलं. ताटलीत पेशींशिवाय काही नसतं. माणसात रक्त असतं, यकृत असतं, आणि त्या साऱ्यातून औषधाला वाट काढावी लागते. त्यात वर्षं जातात, कधी वाट सापडतही नाही. बोलताना माझाच आवाज मला कोरडा वाटला.

त्या पुन्हा वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

“म्हणजे ह्यांच्या वेळेला नाही व्हायचं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण मरतात ह्या. मला वाटायचं, मरतच नसतील.”