सुरवाडे साहेबांचे सात सुरुंग

यादव आधार सुरवाडे या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जमिनीवर पालथा पडला होता. साक्रीच्या रस्त्यावरून आत गेलं की मोहपाडे लागतं. तिथं भर उन्हात हा पस्तिशीचा माणूस डोळ्याला भिंग लावून खडक पाहत होता आणि भोवती चाळीस माणसं गप्प उभी होती. मी उभं आयुष्य तमाशाच्या फडात काढलं. चाळीस माणसं गप्प करायला काय लागतं, ते मला ठाऊक आहे. इथं तर ना ढोलकी, ना गण, ना गौळण.

तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "इथं पाणी नाही."

सरपंचाचा चेहरा पडला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अजून पन्नास फूट जाऊ, देवाची मर्जी. सुरवाडे साहेबांनी तसं कधी कुणाला सांगितलं नाही. नसेल तर नाही. म्हणून ते जिथं 'आहे' म्हणत, तिथं लोक डोळे मिटून खोदत.

साल सत्याऐंशी. लागोपाठ दुष्काळ पडलेला. आमचा फड त्याआधी तीन वर्षं मोडला होता. आयुष्यभर राजा नाहीतर दुष्ट प्रधान झालेला मी, मोतीलाल, धुळ्यात एका गिरणीपाशी पोती मोजत होतो. साहेबांना कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि त्यांनी मला मोहपाड्याला बोलावून घेतलं.

"नाना, तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो म्हणे?"

"साहेब, शेवटच्या रांगेत झोपलेला माणूस उठून बसतो."

"मग मला तुम्हीच हवेत," ते म्हणाले. असे आम्ही एकत्र आलो.

त्यांचं काम काय होतं, ते आधी सांगतो. आमच्या भागात जमिनीखाली काळ्या दगडाच्या उभ्या भिंती आहेत. कोसच्या कोस जातात, मधूनच एखाद्या टेकडीसारख्या वर डोकावतात. साहेबांचं म्हणणं असं, की जमिनीतलं पाणी या भिंतीला अडून एका अंगाला थांबतं आणि दुसऱ्या अंगाच्या विहिरी कोरड्या पडतात. तेव्हा कोरड्या विहिरीच्या तळातून आडवी भोकं पाडायची, सुरुंग ठासायचे आणि भिंतीला वाट करायची. काम धोक्याचं. सुरुंगाचा धोका एक, आणि भिंत एकदम फुटून पाणी अंगावर आलं तर दुसरा. साहेब ज्या संस्थेत नोकरीला होते, तिनं एका उन्हाळ्यापुरती परवानगी दिली होती. अक्षयतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, भोकं पाडायच्या यंत्राला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दुसऱ्या तालुक्यात जायचा होता.

त्यांना हा ध्यास कुठून लागला, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही जेवताना, कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. वडील आधारबाबा पहूरच्या बाजूला विहिरी खोदायला जात. पाणी लागलं की नारळ फुटे, गुलाल उधळला जाई. दुसऱ्या दिवसापासून त्याच विहिरीवर आधारबाबांना ओंजळ धरून खाली उभं राहावं लागे, आणि वरून कुणीतरी पाणी ओते. "बाबांनी एकतीस विहिरी खोदल्या," साहेब म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून पुढं खाऊ लागले.

मोहपाड्यातच पण दुसऱ्या टोकाला, गावाच्या वेशीजवळच्या जुन्या विहिरीत त्यांनी 'आहे' म्हटलं. पंचावन्न फूट खोल, ठणठणीत कोरडी. माणसं आम्ही पाच. साहेब, मी, भोकं पाडणारे लोटन आणि भटू, आणि यारी चालवणारा रुपचंद. यारी म्हणजे विहिरीतून दगडाची बादली वर ओढणारं यंत्र. माणसंही तिच्यातूनच वरखाली जात; कडेची लोखंडी शिडी अडचणीपुरती.

साहेबांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिले. विहिरीत जो उतरेल त्याचं नाव वहीत लिहायचं. वर आला की ते खोडायचं. सगळी नावं खोडल्याशिवाय वात पेटवायची नाही. फक्त पेटवणारा लोटन खाली, आणि रुपचंदचा हात यारीवर. सात सुरुंग, सात वेगवेगळ्या लांबीच्या वाती, म्हणजे आवाज एकामागोमाग एक येतात आणि मोजता येतात. माझं काम तीन वेळा "सुरुंग!" अशी हाक द्यायची, सात खडे दगडावर मांडायचे आणि दर आवाजाला एक खडा बाजूला सारायचा. सातही सरले की "मोकळं!" अशी आरोळी द्यायची. एक जरी खडा राहिला, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत विहिरीत कुणी उतरायचं नाही.

"आणि मोजणाऱ्याचा शब्द शेवटचा," साहेब म्हणाले. "त्यापुढं माझासुद्धा नाही."

भटू हसला. "नाना, तुम्ही तं साहेबनाबी साहेब व्हयनात!"

पहिले दोन बार, म्हणजे सात-सात सुरुंगांच्या दोन फेऱ्या, झाले. दगड फुटला, पाणी आलं नाही. तिसऱ्यालाही नाही. टँकर दोन दिवसांआड येई. द्रौपदाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती रोज दुपारी साहेबांसाठी भाकरी आणि ठेचा आणायची. तिनं पाण्याचं कधी विचारलं नाही. बाकीचे विचारत, चिडत, टोमणे मारत, ते साहेबांना सोसत होतं. पण ही न विचारता भाकरी ठेवून जाई आणि साहेब त्या भाकरीकडे बघत बसत. हळूहळू त्यांनी ती खाणंच सोडलं.

झोपही गेली. डोळे खोल गेले. विहिरीच्या भिंतीवर खडूनं खुणा करत आणि त्याच पुसत. मग त्यांना पाणी ऐकू येऊ लागलं. भिंतीला कान लावून म्हणत, "नाना, ऐका, वाहतंय." मी कान लावी. माझा कान ढोलकीच्या ठेक्यात वाढलेला. मला दगडाचा गारवा लागे, आवाज काही नाही. मी म्हणे, "साहेब, तुमचा कान माझ्यापेक्षा शिकलेला." ही माझी चूक. मी तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पण ज्या माणसाच्या शब्दावर गाव उभं आहे, त्याला तुम्हाला भास होतोय असं कोण सांगणार? आणि खरं सांगू? ते चुकतील असं मलाही वाटत नव्हतं.

पुढं पुढं त्यांनी बायकांना विहिरीकडच्या वाटेनं हंडे नेऊ नका म्हणून दरडावलं, हंड्यांच्या आवाजानं पाण्याचा आवाज झाकला जातो म्हणून. कॉम्प्रेसर मध्येच बंद करायला लावून ते अर्धा अर्धा तास ऐकत बसत.

आखाजीला चार दिवस होते. दुपारी बारा वाजता चौथा बार. नावं खोडली. मी तीन हाका दिल्या. लोटननं वाती पेटवल्या आणि तो बादलीतून वर आला. आम्ही मागं सरलो.

एक. दोन. तीन. चार आणि पाच जवळजवळ लागून. सहा.

मी थांबलो. धूर वर आला. सातवा खडा दगडावर तसाच.

साहेब पुढं आले, त्यांनी तो खडा उचलला आणि झाडीत भिरकावला. "वाजला. चौथा आणि पाचवा, त्यांच्यातच एक मिसळला."

"नाही साहेब. ते दोन होते. तीन नव्हते."

"मी ऐकलाय. पाणीही ऐकतोय. नाना, आरोळी द्या."

मी फडात चाळीस वर्षं काढली. तापानं फणफणलो तरी माझं वाक्य कधी चुकलं नाही. त्या दिवशी मी तोंड मिटून उभा राहिलो. साहेबांनी आधी विनवलं. मग म्हणाले, "तमाशातल्या माणसाला काय कळतं दगडातलं?" ते बोलणं त्यांचं नव्हतं. त्यांच्या आत दुसरं कुणीतरी शिरून बोलत होतं. त्यांनी स्वतः "मोकळं!" म्हणून ओरडायचा प्रयत्न केला, पण घसा बसला होता, नुसती हवा आली.

भटू मला हळूच म्हणाला, "माले बी सहाच ऐकू उनात, नाना." आणि लगेच पायातल्या वहाणा काढायला लागला. "पन साहेब कधी चुकना का? त्या म्हनतस सात, तं सात."

साहेबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे तर दिसतच होतं. पण ही शहाणी माणसं निव्वळ त्यांच्यावरच्या विश्वासापायी खाली उतरायला तयार होती, आणि खाली तळाशी कुठंतरी न फुटलेला सुरुंग होता. भटूची पहार त्याच्यावर पडली असती तर आम्हाला गोळा करायलाही काही उरलं नसतं.

मी भटूचं मनगट धरलं. रुपचंदनं यारीची चावी काढून कनवटीला लावली आणि तो हाताची घडी घालून बसला. ते पाहून साहेब विहिरीच्या कडेच्या लोखंडी शिडीनं उतरायला लागले. हातात छिन्नी आणि हातोडा.

लोटन शिडीकडे धावला. "साहेब एकला खाल उतरना. मी आठे उभा राहीसन काय करू?"

"तू थांब. मी जातो."

पंचावन्न फूट. माझे गुडघे तेव्हाही चांगले नव्हते. तळाशी धुराचा वास आणि फुटलेला दगड. साहेब भिंतीला कान लावून बसले होते, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. हातोडा मांडीवर.

"येतंय, नाना. अगदी वीतभर अंतर राहिलंय."

मला भीती वाटत होती ती त्यांनी छिन्नी लावण्याची. पाण्याबद्दल वाद घालून काही होणार नाही, एवढं मला कळलं. खोटं सांगून वर नेता आलं असतं. वगात हजार वेळा तसं केलंय. पण ज्यानं कधी कुणाला पाण्याबद्दल खोटं सांगितलं नाही, त्याच्याशी मला ते जमेना.

मी म्हणालो, "साहेब, वही काढा. खाली माणसं आहेत, नावं लिहायची राहिली."

त्यांनी सवयीनं खिशातून वही काढली. स्वतःचं नाव लिहिलं. माझं लिहिलं.

"लोटन शिडीवर आहे. त्याचं लिहा."

त्यांनी वर पाहिलं. लोटनचे अनवाणी पाय शिडीच्या मधल्या पायरीवर होते. माझं न ऐकता तो निघालाच होता. साहेबांनी पेन टेकवलं आणि ते तसंच राहिलं. स्वतःचं नाव त्यांनी सरळ लिहिलं होतं, माझंही. लोटनचं लिहिता येईना.

"त्याला वर जायला सांगा," ते पुटपुटले.

"तुम्ही सांगा. साहेब तुम्ही आहात."

"लोटन, वर जा."

वरून आवाज आला, "तुम्ही चला, तं मी जास."

साहेब उठले. हातोडा तिथंच ठेवला. एकेक पायरी चढत होते आणि दर पायरीला मला सांगत होते, की पाणी आहे, अजून ऐकू येतंय. वर आल्यावर त्यांनी वहीतली दोन नावं खोडली आणि बाभळीच्या सावलीत बसून रडले. भटूनं त्यांच्या डोक्यावर आपला गमछा ओला करून ठेवला. टँकरचं पाणी होतं ते.

दुसऱ्या दिवशी बारानंतर सुरुंगाचा परवाना असलेला दुसरा माणूस येऊन उतरला. सातव्या भोकात वात ओली होऊन विझलेली, आणि दारू जशीच्या तशी. भटूला त्याच भोकापासून चार बोटांवर नवं भोक पाडायचं होतं; तशी खूण साहेबांनी स्वतः खडूनं केली होती.

साहेबांना धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं, मग पहूरला आईकडे. काम तिथंच थांबलं. पाण्याचं विचाराल तर पुढं चार वर्षांनी दुसऱ्या लोकांनी ती भिंत फोडली आणि पाणी आलं, फार नाही, गावाला पिण्यापुरतं.

दिवाळीनंतर लोटन, भटू आणि मी पहूरला गेलो. माझ्या खिशात संस्थेनं टाइप करून दिलेला एक कागद होता. त्यात लिहिलं होतं, की मोजणाऱ्यानं सात आवाज झाल्याचं सांगितलं, म्हणून सुरवाडे खाली उतरले. मी सही करून टाकली होती. खलनायक मी जन्मभर केला, आणखी एक वेळ. साहेबांची नोकरी आणि सुरुंगाचा परवाना तरी वाचेल.

पार्वताबाई, त्यांची आई, दारातच म्हणाल्या, "झोपतो आता. पण उठला की आधी विचारतो, त्या दोघाईचं काय झालं."

लोटन आणि भटूला समोर धडधाकट पाहून साहेब उभे राहिले. मग मी पुढं केलेला कागद त्यांनी वाचला. वाळले होते, पण नजर स्थिर होती.

"नाना, तुम्ही सात म्हणाला होता?"

"आता म्हणतोय."

"तेव्हा काय म्हणालात?"

"सहा."

त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "मला तो दिवस नीट आठवत नाही. पाणी मात्र आठवतं, स्वच्छ. त्यातलं खरं किती आणि माझ्या डोक्यातलं किती, मला सांगता येत नाही. त्या सगळ्या दिवसात मला धरायला एकच खरी गोष्ट आहे, तुमचे सहा. तेही तुम्ही खोटे केलेत, तर मी उभा कशावर राहू?"

मी कागद परत खिशात ठेवला.

त्यांनी कोरा कागद मागून घेतला आणि आमच्यासमोर स्वतःच्या हातानं लिहिलं. आवाज सहा झाले. मोजणाऱ्यानं सहा सांगितले. मी नियम मोडला, माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, आणि माझ्यामुळे चार माणसं मेली असती. लिहून झाल्यावर ते त्यांनी आधी लोटनला आणि भटूला वाचून दाखवलं, सावकाश, पुन्हा एकदा, त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून. "यात काही चुकलं असेल तर सांगा."

लोटन म्हणाला, "चार नही, साहेब. रुपचंद वर व्हता, तो नही मरता. पन तुम्ही सोताले मोजं नही."

साहेबांनी बोटांवर मोजलं. नाना, लोटन, भटू. आणि ते स्वतः. "बरोबर आहे," ते म्हणाले. 'चार' खोडून त्यांनी 'माझ्याखेरीज तीन' असं लिहिलं, आणि खाली सही केली. त्या सहीनं त्यांचा परवाना गेला, नोकरी गेली. पुढची अठरा वर्षं त्यांनी एरंडोलला शाळेत विज्ञान शिकवलं.