हात मागे घेणारी कॅचर

पहिली शिफ्ट सुटली की आमच्या कंपनीतल्या बायका निघोजेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळतात. त्यातली पत्रा कापणाऱ्या प्रेसवर काम करणारी एकजण नुकतीच कॅचर झालीय. उकिडवी बसते छान, पण मी टाकलेला बॉल जवळ आला की ग्लोव्हसकट हात मागे ओढते. मी चिडले की म्हणते, "प्रेस खाली येताना हात आत ठेवायचा न्हाई गं, अंगातच मुरलंय."

काल उतरत्या उन्हात मैदानभर धूळ तरंगत होती आणि बॉलही तिच्यातून तरंगतच चालल्यासारखा वाटला. कॅचरबाईंनी डोळे मिटले, पण हात तिथेच ठेवला. थप्प! बॉल परत फेकायचं सोडून तिने ग्लोव्ह काढला, एकेक बोट हलवून पाहिलं आणि लांबूनच मला ओरडून सांगितलं, "हायेत गं सगळी!"