दुपारचं स्टेशन आणि आमचा पंखा

लग्न होऊन कोरेगावात आले तेव्हा वाटलं होतं, सासऱ्यांच्या रेडिओमंडळाचे एकदोन किस्से सांगून माहेरी सगळ्यांना हसवीन. आता सांगलीला गेले की आईच म्हणते, "आधी जेव, मग सांग." इतके साठलेत! हसू कमी, संताप जास्त. (की मीच चिडकी झालेय, कोण जाणे.)

मंडळ तिघांचं. आमचे आण्णा, फौजेत वायरलेसवर उमर काढलेले तात्या, आणि एसटीत सेट मांडीवर घेऊन येणारे सांगलीचे चौगुलेकाका. छंद एकच, मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं पकडायची. तीही भर दुपारी!

"रात्री सहज लागतात ना?" मी एकदा विचारलं.

तात्या उखडले. "रात्री कुणालाबी लागत्यात! दुपारी लावून दाखीव!"

*

खरखर नको म्हणून दुपारी घरातलं सगळं बंद. फ्रिज, चार्जर, दिवे. पंखासुद्धा, कारण त्याचा रेग्युलेटर रेडिओत कुरकुरतो म्हणे. एप्रिलचं ऊन, माझी ओवी आठ महिन्यांची, पाठभर घामोळं. मी पुठ्ठ्यानं वारा घालतेय, तर आण्णा दारातून कुजबुजले, "सूनबाई, जरा हळू. आवाज येतोय."

पुठ्ठ्याचा!

*

एकदा ओवीचा पाळणाच गायब. शोधते तर गच्चीवर! सांगाड्याला तांब्याची तार गुंडाळलेली, आणि तिघं मिळून तो इंचाइंचानं फिरवतायत.

"अँटेना हाय गं ती," चौगुलेकाका म्हणाले. "दोन वाजता देतो की परत!"

*

शेजारच्या काकूंच्या मिक्सरनं एक स्टेशन घालवलं. तर तात्या स्वतः जाऊन त्यांचं दाण्याचं कूट खलबत्त्यात कुटून देऊन आले! शेजारणीची एवढी सरबराई, आणि घरच्या पोरीला वारा नाही.

*

शेवटी एका दुपारी कर्नाटकातलं खूप लांबचं स्टेशन लागलं. इकडे ओवी रडून लालबुंद. मी पंखा सुरू केला आणि ओरडले, "पोरगी शिजतीय इथं! पंखा नसेल तर मी चालले सांगलीला!"

स्टेशन गेलं. आण्णा वहीत लिहीत राहिले.

या तिघांची एक रीत आहे. काय ऐकलं, मध्ये कशाचा अडथळा आला, सगळं मिनिटामिनिटानं स्टेशनला कळवायचं. बरोबर असेल तर तिकडून पत्र येतं, तेच यांचं बक्षीस. आण्णा सांगतात, चौगुलेकाका कानडीत लिहितात. आणि आण्णा पडले सत्यवचनी!

महिन्यानं उत्तर आलं. काकांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं, "तुमचा रिपोर्ट बरोबर आहे. अभिनंदन. अडथळ्याच्या रकान्यात तुम्ही 'सून' लिहिलं आहे. तिचं म्हणणं आमच्या इंजिनिअरांना पटलं. पंखा लावावा."

आण्णा उठले आणि पंखा पाचावर केला.

मी पत्र बघायला मागितलं.

"कानडी हाय गं ते," म्हणत काकांनी घडी घालून खिशात टाकलं.