डावखुऱ्या गोलंदाजाचा मुलगा

१९९० साली अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो तेव्हा नवऱ्याकडे नोकरीचा व्हिसा होता आणि माझ्याकडे त्याची बायको असल्याचा. मला काम करायची परवानगी नव्हती. नागपुरात विद्यापीठाच्या संघातून मी डावखुरी फिरकी टाकायचे. येताना बॅगेत एक जुना चेंडू आणला होता. नवरा सकाळच्या ट्रेनने शिकागोला गेला, की घराच्या बाजूच्या विटांच्या भिंतीवर मी तो टाकत राहायचे. मन लागायचं नाही, पण हात तरी चालायचा.

शेजारी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ एकटेच राहायचे. हाय-हॅलोपलीकडे कधी बोलणं नाही. एकदा कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत उभे राहिले.

"डावा हात," ते म्हणाले. "माझे वडीलही डाव्यानेच टाकायचे. पोटासाठी."

मी त्यांना चहाला बोलावलं. मग त्या उन्हाळ्यात ते अधूनमधून येत राहिले आणि तुकड्या-तुकड्यानं सांगत राहिले.

वडील मूळचे कोळशाच्या खाणीतले. पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, क्रिकेट संघाने त्यांना पगारावर खेळायला ठेवलं. संघात हौशी खेळाडू म्हणजे बड्या घरची मुलं. त्यांची खोली वेगळी, मैदानात उतरायचं फाटकही वेगळं. त्यांना 'मिस्टर' म्हणायचं आणि वडिलांना नुसत्या आडनावानं हाक. सकाळी क्लबच्या सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करायची, मग दिवसभर सामना. बोटाची कातडी फाटली तरी सुट्टी नाही.

"तरी तेच त्यांचे सुखाचे दिवस," म्हातारबुवा म्हणाले.

युद्धात विषारी वायूनं डोळे अधू झाले. परत आल्यावर ते कुणालाच काही न सांगता खेळायला उतरले. एका सामन्यात सरळ हातात येणारा झेल त्यांना दिसलाच नाही. चेंडू तोंडावर बसला, दात पडले. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. हंगाम संपल्यावर काउंटीनं त्यांना पुन्हा घेतलं नाही.

"मग घरामागच्या अंगणात बॅट घेऊन उभे राहायचे. मला म्हणायचे, टाक. मी आठ-नऊ वर्षांचा. त्यांना चेंडू दिसायचा नाही. कधी बरगडीवर लागायचा, कधी कपाळावर. म्हणायचे, पुन्हा टाक."

"तुम्ही नाही म्हणायचं ना!"

"एकदा म्हणालो. ते बॅट उगारून माझ्यावर धावले. मला वाचवायला आई मध्ये आली. बॅट तिच्या खांद्यावर बसली. दुसऱ्या आठवड्यात त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेलं."

मी चहा पुन्हा गरम केला. त्यांनी तो घेतला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. बर्फामुळे दोन दिवस कोणाला कळलंच नाही. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्याला दारातली वर्तमानपत्रं दिसली, तेव्हा पोलीस आले. घर आवरायला दुसऱ्या राज्यातून त्यांची मुलगी आली. मी डबा घेऊन गेले. बोलता बोलता मी तिच्या आजोबांच्या गोलंदाजीचा विषय काढला.

ती खोकी बांधायची थांबली. "कसली गोलंदाजी? माझे आजोबा पहिल्या महायुद्धात मारले गेले. बाबांनी लहानपणापासून हेच सांगितलंय."

विषय बदलावा असं वाटलं. पण ती समोर खोक्यावर बसली आणि म्हणाली, "तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा. सगळं."

मी सांगितलं. माझ्या त्या वेळच्या अडखळत्या इंग्रजीत, खाण, फाटक, अंगण, इस्पितळ, सगळं. ती रडली नाही. शेवटी तिनं एकच विचारलं, "आजोबा तिथे असताना बाबा कधी भेटायला गेले होते?"

"नाही," मी म्हणाले. "मोठे झाल्यावर ते अमेरिकेला निघून आले. आजोबा तेव्हा जिवंत होते. तेही त्यांनीच मला सांगितलं."

तिनं मान हलवली, डबा बाजूला ठेवला आणि पुन्हा खोक्याला चिकटपट्टी लावू लागली. मी थोडा वेळ दुसरी बाजू धरून ठेवली.