एक ते चार बंद

"इथंच जागा घे आणि निर्धास्त बस. इथल्या हवेचा हिशोब मीच केलाय," असं मी मामेभावाला छाती फुगवून सांगितलं होतं. तो वर्ध्याहून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलेला, आणि मामानं दिलेलं हे शेवटचं वर्ष. शनिवार पेठेतली ती अभ्यासिका तळघरात होती. एसी होता, खिडकी एकही नव्हती. बाहेरची हवा आत यायची ती एका पंख्यानं, आणि तो पंखा केव्हा किती चालवायचा हे मी हिंजवडीत बसून, इमारतींची वीज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर ठरवलं होतं. वीज इतकी कमी निघाली की मालक खूश, साहेब खूश. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही.

भाऊ मात्र फोनवर कुरकुरायचा. दुपारी डोकं जड होतं, वाचलेलं राहत नाही. एकदा मी वैतागून त्याला चांगलंच झापलं. म्हटलं, पुण्यात झोपा काढायला आलास का?

पुढे मालकांनी वारज्यात दुसरी शाखा काढायचं ठरवलं. डबा खाऊन मी जुनी फाइल उघडली आणि या वेळी आलेख नीट पाहिला. हवा किती कोंदली ते दाखवणारी रेघ रोज दुपारी एकला चढायला लागायची आणि चारनंतरच उतरायची. सॉफ्टवेअर गंडलंय, असं मी शेजारच्या टेबलावर सांगूनही टाकलं. माणसांचा आकडा पाहिला, बरोबर. दर माणशी हवा, तीही बरोबर. शेवटी पंख्याचं वेळापत्रक उघडलं. एक ते चार, शून्य.

नवं काम जुन्या फाइलची कॉपी काढून सुरू करायचं, ही आमच्या ऑफिसची रीत. ही फाइल मी पेठेतल्याच एका कापड दुकानाच्या कामावरून उचलली होती. ते दुकान अर्थातच एक ते चार बंद. भिंती बदलल्या, माणसं बदलली, दुपारची झोप तेवढी राहून गेली.

"मग करा की दुरुस्त," साहेब म्हणाले.

"अहो, तिथल्या पंख्याचा टायमर आपल्या रिपोर्टवरूनच लावलाय!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. मालक फोन उचलेनात, ही त्यांचीही झोपायची वेळ. भावाचा फोन नियमाप्रमाणे अभ्यासिकेबाहेरच्या कपाटात. मी गाडी काढली. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला मी शिव्या घातल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा स्वतःला होत्या.

साडेतीनला जिना उतरलो. खाली पान उलटल्याचासुद्धा आवाज नव्हता. दार ढकललं तर सगळी डोकी पुस्तकांवर टेकलेली. मी दार सताड उघडं ठेवलं, पंख्याचं बटण दाबलं. एकानंही मान वर केली नाही. मला भीती वाटली.

भावाला खांद्याला धरून हलवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं डोळे उघडले, मला पाहून दचकला आणि घाईघाईनं पुस्तक पुढं ओढलं.

"दादा, झोपलो नव्हतो ना मी," तो म्हणाला. "डोये मिटून पाठ करत होतो. बाबाले सांगू नको."