कृष्णातची जट

कसबा बावड्यात गड्यानं अंगाला तांबडी माती लावावी, फार तर मिशीला तूप. काजळ घालायचं ते तान्ह्या पोरानं. आकारामाच्या कृष्णातनं मात्र एकोणिसाव्या वर्षी काजळ घातलं, तेही एका गोऱ्या गवयापायी.

हे १९७४ सालातलं. भोंगे भाड्यानं देणाऱ्या मीरासाबकडे जुन्या सामानातून गाण्यांची एक विलायती तबकडी आली होती. वेष्टनावर गडी आहे की बाई, हे त्याला ठरवता येईना. ओठ रंगवलेले, पापण्यांवर चमकी, केस खांद्यावर. आवाजही तसाच, मधेच घोगरा, मधेच सासरी निघालेल्या पोरीसारखा.

"लग्नात लावली तर नवरी न्हाय, नवरदेव पळंल," म्हणत मीरासाबनं ती कृष्णातला देऊन टाकली आणि वाजवायला दुपारी दुकानात येऊ दिलं. शब्द कृष्णातला कळत नव्हते. पण आपल्यासारखं कुणीतरी जगात आहे आणि लोक त्याला मारायच्या ऐवजी टाळ्या देतात, एवढं कळत होतं.

त्यानं काजळ घातलं, केस वाढवले. आकारामानं शिव्यांचा साठा संपवला. शेजारचा पिराजी पैलवान येता-जाता टपली मारायचा, "काय वैनी, पाणी भरलं का?"

घरात फणी हातात धरायची चोरी, त्यामुळे मागचे केस गुंतत गेले. एक दिवस डोक्याला तेल लावताना शालूबाईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, बोटांना दोरीसारखी वळलेली बट लागली. ती बराच वेळ ते केस हातात धरून बसली. मग धोंडुबाईला बोलावलं. धोंडुबाई देवीला वाहिलेली जोगतीण. तिचा शब्द गल्लीत शेवटचा. तिनं बटेला भंडारा लावला.

"शालू, जट हाय ही. यल्लम्मानं पोरगं मागितलंय. कात्री लावलीस तर घर बसंल."

देवीचं बोलावणं आलेला गडी लुगडं नेसला, बांगड्या भरल्या, तरी लोकांनी त्याच्या पाया पडायचं, ही तिकडची रीत. त्यामुळे सकाळपर्यंत जी घराची बेअब्रू होती, ती संध्याकाळी घराचं भाग्य झाली. आकाराम पोटच्या पोराला "देवा" म्हणू लागला. पिराजीनं वाकून नमस्कार केला आणि येती कुस्ती जिंकेन का, असं विचारलं. शालूबाईनं स्वतः तुपाच्या दिव्यावर काजळ धरलं आणि तान्हेपणानंतर पहिल्यांदा लेकाच्या डोळ्यांत घातलं. जट नाही, गुंता आहे, हे कृष्णातला पक्कं ठाऊक होतं. पण भर गल्लीतून मान वर करून चालता येत होतं. त्यानं गुंता सोडवला नाही.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी पिराजी आपलं सहा महिन्यांचं पोर घेऊन आला आणि त्यानं ते कृष्णातच्या पायांवर ठेवलं. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे फिरलेले.

"भंडारा लावा, देवा."

"दवाखान्यात ने रं!"

"दवाखाना कशाला? तुमी हायसा की."

"मी कोण न्हाय! विंचरलं न्हाय म्हणून गुंता झालाय. काजळ त्या गाण्यावाल्याचं बघून घालतोय. देवी-बिवी काय न्हाय. पळ!"

पिराजी पोर घेऊन दवाखान्याकडे पळाला. चार दिवसांनी पोर बरं होऊन घरी आलं. त्याला पाळण्यात ठेवून पिराजी तसाच शेजारी आला आणि त्यानं कृष्णातच्या थोबाडीत मारली. "देवीची थट्टा करतंय बेनं!" गल्लीला ते पटलं. आकारामानं न्हावी बोलावून पोराचं डोकं गुळगुळीत करवलं आणि तबकडी चुलीत घातली. तीही धड जळेना. वाकडी होऊन घरभर वास मारत राहिली.

पुढं कृष्णात साखर कारखान्यात चिकटला. लग्न झालं, दोन मुली झाल्या. केस कधी कानाखाली आले नाहीत. पिराजीचं पोर बारा वर्षांचं झालं, दंड थोपटू लागलं.

एकदा कृष्णात आईचे गुडघे शेकत असताना तीच म्हणाली, "कृष्णा, त्या दिवशी 'देवी म्हणती दवाखान्यात ने' एवढंच म्हणायचं हुतंस. पिराजी गेला असता की."

कृष्णातच्या हातातलं फडकं थांबलं. बारा वर्षांत हे त्याला सुचलं नव्हतं.

"आये, तुला ठावं हुतं?"

"गुंता कुठला आन् जट कुठली, मला वळकू येत न्हाय व्हय रं?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "लई मुश्किलीनं, धोंडुबाईला बोलावून, तुला गल्लीत जागा करून दिलती मी."